वरच्या रेघेपर्यंत

कुंदाताईंचं रक्त नळीत उतरायला तयार नव्हतं, आणि खरं सांगायचं तर कुंदाताईंची त्याला मनातून फूस होती.

नळी म्हणजे बोटाच्या पेराएवढं प्लॅस्टिकचं भांडं. त्यावर दोन रेघा. रक्त वरच्या रेघेपर्यंत भरलं की झाकण लावून पाकिटात घालायचं, पोस्टात टाकायचं आणि चार दिवसांनी थायरॉइड, व्हिटॅमिन डी आणि बी-ट्वेल्व्हचा निकाल फोनवर बघायचा. कुंदाताईंनी चिंचवडच्या पोस्टात एकतीस वर्षं काढली होती. राख्या, तिळगूळ, एकदा तर कुणाची गावाकडे विसरलेली कवळी, सगळं त्यांच्या हाताखालून गेलं होतं. माणसाचं रक्तही पोस्टानं जातं, हे मात्र त्यांना जर्मनीत झिंडेलफिंगेनला मुलाकडे आल्यावर कळलं.

हा उद्योग मुलाचा, कपिलचा. तो इथल्या मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर. जानेवारीच्या सुरुवातीला विमानतळावर उतरलेली आई चांगली टुणटुणीत होती, आणि फेब्रुवारी संपायला आला तेव्हा बघावं तर संध्याकाळी सातलाच पेंगते, आमटीत दोनदा मीठ घालते, हात लावावा तर गारठलेला. मावशीला थायरॉइड होता म्हणजे आईलाही असणार, असं कपिलनं ठरवूनच टाकलं. डॉक्टरचा टेरमीन, म्हणजे भेटीची वेळ, महिन्यानंतरची मिळत होती. मग त्यानं घरच्या घरी रक्त घ्यायची पेटी मागवली.

एवढ्यावर थांबला असता तर कुंदाताईंची काही तक्रार नव्हती. पण जेवताना तो सहज बोलून गेला, "काही निघालं तर तुझं तिकीट अलीकडे घेऊ. तिकडे आपले डॉक्टर आहेत, तुला बोलता तरी येईल त्यांच्याशी."

"बघू," असं म्हणून कुंदाताईंनी पुढचा घास घेतला. तिकीट एप्रिलच्या पहिल्या आठवड्याचं होतं, आणि त्यातला एक दिवसही त्यांना कुणाला द्यायचा नव्हता.

त्याला कारण त्यांची नात, ईप्सिता. वय वर्षं चार. पोरीला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर यायचं जर्मनमधून. सहा आठवडे कुंदाताई तिच्याशी बोलत राहिल्या. गोष्टी सांगितल्या, गाणी म्हटली, बाहुलीला रागावल्या. पोर हसायची, "नाइन, आजी," म्हणजे नाही, असं म्हणायची आणि पळायची. आणि मागच्या गुरुवारी जेवताना ताट पुढं करून म्हणाली, "आजी, मला अजून वरण पाहिजे." कुंदाताईंनी वरण वाढलं आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडून घेतलं. आता कुठे पोरीची जीभ वळायला लागली होती आणि हा शहाणा तिकीट अलीकडे घ्यायला निघाला होता.

रक्तानं मात्र त्यांची बाजू घेतली. पहिल्या पेटीच्या वेळी कपिलनं बोट असं काही पिळलं की कुंदाताईंना चिंचवडचा रसवाला आठवला. थेंबभर आलं, तेही घट्ट होऊन. प्रयोगशाळेचं उत्तर आलं की रक्त कमी आहे आणि गोठलेलं आहे. कपिलनं दुसरी पेटी मागवली. तिच्यात बोटाला टोचायच्या चार सुया. सोमवारी दोन वाया गेल्या. मंगळवारी सकाळी त्यानं सूचनांचा कागद भिंतीला चिकटवला, फोनवर वेळ लावली आणि तिसरी टोचली. रक्त खालच्या रेघेपर्यंतसुद्धा आलं नाही.

"गेनाऊ, अगदी तेच होतंय परत," कपिल वैतागला. "आई, तू हात सैल का सोडत नाहीस?"

"सोडलाय बाबा. त्यातच नाही तर कुठून येणार?"

कपिलची बायको मुक्ता कोपऱ्यात ईप्सिताच्या बुटांचे बंद बांधत होती. बोलायची कमी, पण बघायची सगळं. ती म्हणाली, "कपिल, तू जा कामाला. एक सुई आहे ना शिल्लक? मी हिला किंडरगार्टनला सोडून परत येते. दहाच्या आत घ्यायचंय ना, साडेनऊला आम्ही दोघी घेऊ."

एरवी मुक्ता तिकडूनच एस-बान, म्हणजे इथली लोकल, पकडून ऑफिसला जायची आणि घर संध्याकाळपर्यंत कुंदाताईंच्या ताब्यात असायचं. साडेनऊ म्हणजे आपल्याला अजून सव्वा तास आहे, असा हिशेब करून कुंदाताई रोजच्या कामाला लागल्या.

हे रोजचं काम घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. दार लागलं की कुंदाताई सगळे हीटर बंद करायच्या. मग बाल्कनीचं दार आणि स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडायच्या. अंगात दोन स्वेटर, वर कपिलचं जुनं जाकीट, डोक्याला माकडटोपी, आणि अशा थाटात संध्याकाळच्या जेवणाची तयारी. बाहेर दोन डिग्री असो नाहीतर उणे चार. पाचला सगळं बंद, हीटर पुन्हा चालू, म्हणजे माणसं येईपर्यंत घर उबदार.

याची सुरुवात संक्रांतीच्या आदल्या दिवशी झाली. वरच्या मजल्यावरची बाई जिन्यात भेटली आणि तुमच्याकडच्या स्वयंपाकाचा वास वरपर्यंत येतो म्हणाली, असं कपिलनं घरी येऊन सांगितलं होतं. "आई, फोडणी देताना जरा खिडकी उघडत जा," एवढंच. सांगितलं आणि तो विसरूनही गेला. कुंदाताईंनी ते मनाला लावून घेतलं. परक्या देशात मुलानं कष्टानं बस्तान बसवलंय, आपल्या मोहरी-हिंगापायी त्याला कुणी बोल लावायला नको. आणि आपली अडचण झाली की माणसं किती गोड बोलून तिकीट काढून देतात, ते त्यांनी मैत्रिणींच्या घरी पाहिलं होतं.

त्यांनी वरणाला फोडणी दिली आणि तेवढ्यात कुलपात किल्ली फिरली. घड्याळात पावणेनऊ. मुक्ताला बस लगेच मिळाली होती.

ती दारातच थबकली. पडदे वाऱ्यानं फडफडत होते. सासूबाई माकडटोपीत, हातात पळी.

"आई, हे काय?"

"थोडी हवा घेत होते."

मुक्तानं हीटरला हात लावला. मग दुसऱ्या खोलीत जाऊन तिथल्या हीटरला. परत आली आणि म्हणाली, "रोज असंच असतं?"

खोटं बोलायचं कुंदाताईंच्या अगदी ओठावर आलं होतं. पण अंगात जाकीट होतं, खोटं बोलून लपणार काय? "वास वर जातो ना," त्या म्हणाल्या. "कपिल म्हणाला होता, खिडकी उघडत जा म्हणून."

"फोडणीपुरती म्हणाला असेल. पाच मिनिटं."

"कढीपत्त्याचा वास पाच मिनिटांत जातो होय? तुम्ही यायच्या आत मी सगळं बंद करते हं. हीटरपण लावते. घर थंड कधी लागलंय का तुम्हाला?"

मुक्ता खुर्चीत बसली. तिला राग आलाय की रडू, ते कुंदाताईंना कळेना, आणि त्या विनाकारण गॅस पुसायला लागल्या. थोड्या वेळानं मुक्ता उठली. बाल्कनीचं दार लावलं, खिडकी लावली, सगळे हीटर पूर्ण पाचच्या आकड्यावर केले. मग पातेल्यात पाणी कोमट करून टेबलावर ठेवलं.

"बसा. हात घाला यात."

कुंदाताईंनी हात घातले. सुरुवातीला बोटं झोंबली, मग हळूहळू मोकळी झाली. पाणी निवायला लागलं की मुक्ता वरून गरम ओतत होती. मध्येच तिनंही आपले हात पाण्यात घातले आणि सासूबाईंची बोटं मनगटाकडून खाली चोळायला लागली. नऊ वर्षांत सुनेनं आपला हात असा कधी धरला नव्हता. आपणही कुठे पुढे केला होता म्हणा, असं कुंदाताईंना वाटलं.

बोटं गुलाबी झाल्यावर मुक्तानं ती पुसली, हात खाली सोडायला लावला आणि शेवटची सुई टोचली. पहिला थेंब कापसानं टिपला. दुसरा टपोरा आला आणि नळीत पडला. मग तिसरा. पिळावं लागलंच नाही.

रक्त खालच्या रेघेला टेकलं तशी कुंदाताईंना धास्ती वाटायला लागली. आता निकाल येणार. "मुक्ता," त्यांनी विचारलं, "आणि काही निघालं तर?"

"तर गोळी. रोज सकाळी एक. गोळ्या काय झिंडेलफिंगेनमध्ये मिळत नाहीत?"

"मग तिकिटाचं कशाला म्हणाला तो?"

मुक्ता नळीकडेच बघत होती. "त्याला वाटतं, तुम्हाला इथं करमत नाही. त्याचा फोन आला की तुमचा आवाज दमलेला. संध्याकाळी बघावं तर शालीत गुंडाळून एका कोपऱ्यात. बाहेर चला म्हटलं की नको. मला म्हणाला, आई आपल्यासाठी दिवस ढकलतेय, निकालाचं निमित्त करून तिला सोडवू या."

ज्या मुक्कामासाठी आपण सहा आठवडे थंडीत कुडकुडलो, त्याच कुडकुडण्यापायी आपली रवानगी ठरत होती. हसावं की कपाळावर हात मारावा, त्यांना सुचेना. एक हात तर अडकलेलाच होता.

"मला जायचं नाही," त्या म्हणाल्या. "एक दिवससुद्धा आधी नाही. मला इथं आवडतं."

"हे तुम्ही त्याला कधी सांगितलंत?"

"मुलाला काय सांगायचं? कळत नाही का त्याला?"

"नाही कळत," मुक्ता म्हणाली. "खरंच नाही कळत त्याला, आई."

बोलण्याच्या नादात रक्त वरच्या रेघेच्याही वर गेलं होतं. मुक्तानं घाईनं झाकण लावलं, बोटाला पट्टी चिकटवली. मग तिनं कपिलला फोन लावला आणि तसाच सासूबाईंच्या हातात दिला.

"आलं का रक्त?" कपिलचा आवाज. मागं कारखान्याची घरघर.

"आलं. भरपूर आलं." कुंदाताईंनी मुक्ताकडे पाहिलं. ती पाकिटावर तारीख लिहीत होती, मदतीला येणार नव्हती. "आणि हे बघ कपिल, निकाल काय यायचा तो येऊ दे. मला तुमच्यात राहायचंय. उरलेले सगळे दिवस. तिकिटाला हात लावू नकोस."

पलीकडे दार लागल्याचा आवाज झाला, घरघर थांबली. तो कुठंतरी आडोशाला गेला असावा.

"आई," तो म्हणाला, "परत एकदा म्हण ना."