फुंकरबाबा आणि भोपळ्याचं फूल

उजाडायच्या आत अख्खं पिंपळटेक सटवाजी पाटलाच्या मळ्यात लोटलं होतं. दीड महिना झाला, गावात एका वेलाला भोपळा धरला नव्हता. कळी यायची, पिवळी पडायची, गळायची. आणि फुंकरबाबानं आठ दिवसांपूर्वी मंतरलेल्या पाटलाच्या वेलावर आज सात भोपळे लटकत होते!

बाबा मोरपिसांचा कुंचा या फुलावरून त्या फुलावर फिरवत होते. "फूं! कुंचा नुसता निमित्त हाय, लेकरांनो. ताकद समदी मंत्रात! हिमालयात बारा वर्सं एका पायावर हुभा व्हतो, तवा ही फुंकर गावली." तेवढी वर्षं दुसरा पाय काय करत होता, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

बाबानं रोगाचं निदानही केलं होतं: वेलांना धुरपताची नजर लागली. धुरपता एकटी विधवा, लोकांच्या मळ्यांत निंदणी करून पोट भरायची. तिला आडावरचं पाणी बंद झालं. येत्या अमावास्येला तिला शिवेबाहेर काढायचं ठरलं.

गर्दीच्या मागं रेणुकादास मास्तर उभे होते. निजाम सरकारच्या वस्तानिया मदरशात, म्हणजे सातवीपर्यंतच्या शाळेत, ते शिकवायचे. त्यांना यातलं काही पटत नव्हतं. पण पाटलानं एक अर्ज ठोकला की बदली थेट वरंगलला, म्हणून त्यांनी तोंड मिटून ठेवलं होतं. ओढ्याचं गढूळ पाणी घेऊन धुरपता शाळेवरून जायची, तेव्हा ते फळ्याकडं तोंड करून उभे राहायचे.

त्या दिवशी सहावीला फुलझाडाचा धडा होता. बीपासून रोप, रोपाला फूल, फुलाचं फळ, फळात पुन्हा बी. किताब उर्दूत, चित्र गुलाबाचं. पोरं नुसती घोकत होती. मास्तरांनी किताब मिटली आणि भोपळ्याची दोन फुलं आणली.

"हे नराचं फूल. मधल्या दांड्यावर पिवळा पराग असतो. हे मादीचं. पाकळ्यांखाली इवलासा भोपळा दिसतो ना? नराचा पराग या फुलात पोचला तर तो वाढतो. न पोचला तर गळतो."

त्यांनी नराचं फूल पाटीवर झटकलं. काळ्या पाटीवर पिवळी धूळ पडली.

वर्गातली एकुलती एक मुलगी, शिवकांता, उठली. "मास्तर, असलंच पिवळं बाबाच्या कुंच्यालाबी हाय. आशीर्वाद देताना माझ्या झंपरला डाग पडला."

मास्तरांनी पाटीवरच्या धुळीवर बोट टेकवलं. "पराग एरवी कोण पोचवतं?"

"मधमाशी!"

"मग आपल्या माश्या कुठं गेल्या?"

"दोन म्हैन्यांमागं बाबा आले तवा पिंपळावरची मोहळं जाळली न्हाई का? त्यायच्या आसनाभोवती घोंगावत व्हत्या म्हनून."

संध्याकाळी मास्तर चावडीवर गेले. पाटील, बाबा आणि गाव तिथंच जमलं होतं. "पाटीलसाब, बाबांचा मंत्र एवढा जोरकस हाय, तर एकदा कुंच्याबिगर होऊन जाऊ द्या."

"कुंचा लागतोच!" बाबा म्हणाले.

"नुसता निमित्त हाय, तुमीच म्हनलात."

गावानं माना डोलावल्या. बाबा आपल्याच बोलण्यात अडकले.

मधे माशी की हात शिरू नये म्हणून दोन मादीकळ्यांना फडक्याच्या पिशव्या बांधायच्या. सकाळी फुलल्या की एकीवर बाबांनी हात न लावता मंत्र म्हणायचा. "अन् दुसरी," मास्तर म्हणाले, "धुरपताबाईंच्या हातची."

"तिच्या नजरेनं गळंल की!" पाटील म्हणाला.

"गळलं तर बाबा खरे."

सकाळी बाबा घसा बसेपर्यंत फुंकले. पाकळ्या तेवढ्या हलल्या. मग धुरपता पुढं झाली. "मास्तर, गळलं तर मला आजच हाकलतील."

"मग मीबी येतो तुमच्यासंगं."

मास्तरांनी दाखवलं तसं तिनं नराच्या फुलाच्या पाकळ्या काढल्या आणि दांडा मादीच्या फुलात हलकेच फिरवला. पुन्हा पिशव्या बांधल्या. पाटलानं राखणीला दोन माणसं बसवली.

आठव्या दिवशी बाबाच्या पिशवीत वाळकी कळी निघाली. धुरपताची पिशवी उसवून भोपळा बाहेर डोकावत होता.

"माझ्याच मंत्रानं तिची नजर उतरली!" बाबा ओरडले.

मास्तरांनी कुंचा घेऊन शिवकांताच्या पाटीवर आपटला. पिवळी धूळ सगळ्यांनी पाहिली. "ही मंत्राची ताकद. माशीचं काम कुंच्यानं केलं. अन् माश्या ह्यायनंच जाळल्या."

"बाबा, हे इलम, ही इद्या कुठली?" पाटलाचा आवाज चढला.

"जागीरदाराच्या बागंत माळी व्हतो. असंच फळ धरायचो," बाबा पुटपुटले.

"अन् हिमालय?"

"त्यो... बागंच्या मागं व्हता."

गाव खदखदून हसलं. धुरपता हसली नाही. "मला आडावर कुनी आडवलं, ते मी इसरनार न्हाई," ती म्हणाली. "पन या, फळ कसं धरायचं ते दावते."

बाया खाली माना घालून तिच्या मागं गेल्या. मास्तर बाकीच्यांकडं वळले.

"फूल गळलं तर फुलात बघा, मुळाशी बघा. मानसावर खापर फोडू नका. कुनी चमत्कार दावला तर इचारा: कसं केलं? पुन्हा करून दाव. मी हे पहिल्याच दिवशी इचारायला पायजे व्हतं. भिऊन गप्प बसलो, अन् तेवढे दिस ह्या बाईनं ओढ्याचं पानी पिलं."