दुसरा टोल

माळवस्तीच्या नळावर दिवा लागला होता आणि खाली घागरींची रांग कोरडी पडली होती. शिमग्याला म्हणून मी नांदेडहून आले, वडवणीला एसटी बदलून फाट्यावर उतरले, तर पहिलं दर्शन हे.

"काकू, दिवा कधीपासून लागलाय?" मी विमलबाईंना विचारलं. वस्तीत थोरल्या त्याच.

"झाले की चार-पाच दिस."

"मग पाणी?"

"नदीत झरा उकरलाय, वाटीवाटीनं भरतोय. येईल की. दिवा लागला म्हंजी हाक पोचली, असं तूच सांगितलंतंस."

तो दिवा मीच केलेला.

आधी टोलाचं सांगते. माझे वडील, आबा, पाणी सोसायटीचे पाणके होते; वस्त्यांना पाणी सोडायचं काम त्यांचं. प्रत्येक वस्तीवर रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा टांगलेला असायचा, तोच टोल. पाणी संपलं की बायका तो वाजवायच्या. आबा तेव्हा जिथं काम करत असतील तिथं काठी रोवायचे, त्या वस्तीचा कॉक उघडून यायचे आणि काठीपासून काम पुढं सुरू करायचे. टोल मात्र एकदाच वाजवायचा. दुसऱ्यांदा वाजवणं म्हणजे पाणक्याला तोंडावर बेइमान म्हणणं. आबांच्या हयातीत कुठल्याही वस्तीनं तो दुसऱ्यांदा वाजवला नाही. त्यांना याचा फार अभिमान होता.

आबा गेले, पावसानंही पाठ फिरवली आणि पाणी पुरवून पुरवून सोडायची वेळ आली. तेव्हा मी आणि भारतनं यंत्र केलं. भारत गावातलाच. बालवाडीपासून इंजिनिअरिंगपर्यंत आम्ही एका बाकावर. आम्ही स्वतःचा छोटा प्रोसेसर रचला, त्याला मोजके हुकूम शिकवले आणि त्यावर चालणारा गाभा लिहिला. ऑपरेटिंग सिस्टिममध्ये सगळ्या किल्ल्या ज्याच्या कमरेला असतात, तो हा गाभा. वस्तीवर कोणी बटण दाबलं की तिथला दिवा लागतो आणि प्रोसेसरला हाक जाते. प्रोसेसर हातातलं काम थांबवतो, कुठं थांबला ते जपून ठेवतो, कॉक उघडतो, दिवा विझवतो आणि जपलेल्या जागी परत येतो. पुस्तकात याला इंटरप्ट म्हणतात. मला त्यात आबांची काठी दिसायची.

एक अडचण होती. काठी रोवता रोवताच दुसरी हाक आली, तर पहिली जागा हरवते. म्हणून क्षणभर कान बंद करायचा एक हुकूम लागतो, आणि लगेच कान उघडायचा दुसरा. कान बंद असताना आलेली हाक पुसली जात नाही. दिवा लागतो, हाक ताटकळत उभी राहते, फक्त कान उघडेपर्यंत तिच्याकडे कोणी वळत नाही.

हा हुकूम कोणाच्या हाती द्यायचा, यावर आमचं कडाक्याचं भांडण झालं. मी म्हणत होते, सगळ्याच प्रोग्रामना देऊ, काम सोपं होईल. भारत हटूनच बसला. "फक्त गाभ्याला दे. बाहेरच्याच्या हातात गेला तर तो एखाद्याची हाक जन्मभर दाबून ठेवील." मी त्याचं ऐकलं. त्या दिवशी मला त्याचं किती कौतुक वाटलं होतं, ते आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

यंत्र बसलं तेव्हा विमलबाईंनी टोल उतरवला, हळदकुंकू लावलं आणि माझ्या हातात दिला. "आता तुझ्या शब्दावर हाय बग," एवढंच म्हणाल्या. मी तो आबांच्या काठीशेजारी पंपघरात ठेवला.

विमलबाईंशी बोलून मी पिशवीसकट तशीच पंपघरात गेले आणि लॅपटॉप जोडला. माळवस्तीच्या हाकेसाठीचा कान बंद होता. उघडायचा हुकूम नंतर आलेलाच नव्हता. आणि बंद करायचा हुकूम गाभ्यानं दिलेला नव्हता, तो सोसायटीच्या अध्यक्षांच्या मोबाइलवरून आलेला होता. कोणीतरी गाभ्याला मागच्या अंगानं खिडकी पाडली होती. ती इतकी नेटकी होती की कोणी पाडली हे विचारायची गरज नव्हती. असं सुबक काम पंचक्रोशीत एकच माणूस करतो.

सोसायटीच्या कचेरीत अध्यक्ष अर्जुनराव चहा पीत होते आणि भारत त्यांच्या शेजारच्या खुर्चीत होता. तो सोसायटीचा सचिव झालाय हे मला तिथंच कळलं. खिडकीतून अर्जुनरावांचं उसाचं बेणं दिसत होतं. सगळं शिवार करपलेलं आणि तेवढाच तुकडा हिरवागार.

"बेणं मेलं तर फुडच्या साली तेलगावच्या कारखान्याला काय घालायचं?" अर्जुनराव म्हणाले. "पाऊस पडला की देऊच की वस्तीला."

मी त्यांच्याकडं बघितलंही नाही. ते कसे आहेत हे मला ठाऊक होतं. मला भारतला विचारायचं होतं.

"कावून केलंस?"

"मी कुटं काय बंद केलं? मी निस्ता हुकूम त्यांच्या हाती दिला."

"तूच म्हणालतास, बाहेरच्याला द्यायचा न्हाई."

"तवा आपण कालिजात होतो, शिवकन्या. आन् वस्तीनं तरी कुटं बोंब मारली? दिवा लागतोय त्यांचा."

"ते दुसऱ्यांदा हाक मारत न्हाईत, हे तुला माहीत होतं."

त्यानं हातातला कप खाली ठेवला. मग हळूच म्हणाला, "माहीत होतं म्हणून तर."

त्यानं मला फसवलं एवढंच असतं तर मी दोन शिव्या हासडून निघून गेले असते. पण त्यानं आबांच्या इमानाचा कुलपासारखा वापर केला. मी रडले नाही. पंपघरात येऊन जुना गाभा परत चढवला, खिडकी बुजवली. कान उघडताच ताटकळलेली हाक आत आली, कॉक फिरला आणि माळवस्तीचा दिवा विझला. मला अडवायला कोणी आलं नाही. भारतसुद्धा नाही.

संध्याकाळी विमलबाई आल्या. मी त्यांना सगळं सांगितलं, भारतचं नाव घेऊन सांगितलं. ऐकल्यावर त्यांनी एकच विचारलं.

"यंत्रानं न्हाई ना केलं?"

"न्हाई काकू. माणसानं."

"मग टोल दे आमचा."

मी दिला. हळदकुंकू अजून तसंच होतं. मी शपथेवर सांगितलं, आता पाऊस पडेपर्यंत मी इथंच राहते, स्वतः कॉक सोडते. त्यांनी मान हलवली आणि टोल डोक्यावर घेऊन गेल्या.

सकाळी मी पंपघराच्या दारात पाइपची गळती बांधत होते. माळवस्तीकडून टोल वाजला. इतक्या दिवसांनी तो आवाज ऐकून मला बरं वाटलं, आबाच बोलावतायत असं वाटलं. मी हातातलं काम सोडलं, त्यांची काठी तिथंच रोवली आणि कॉककडं धावले.

मी निम्म्या वाटेत होते, तेव्हा टोल दुसऱ्यांदा वाजला.