टाचण्याला वळायचंय

जरा काचेजवळ या. हो, तुम्हीच! मी टाचण्या बोलतोय. नावाला हसू नका. ते ठेवलं तेव्हा मी खरंच टाचणीएवढा होतो.

दुकानात आम्हा भावंडांना 'शार्क' म्हणून विकत. कसले शार्क! आम्ही नदीतले साधे मिशीवाले मासे. पण रुबाब असा, की एका शिंप्याची लेक आमच्यासमोरून हलेना. शिंप्याला सगळे मास्तर म्हणत. त्यांनी विचारलं, "हा मोठा केवढा होतो हो?"

"टाकी जेवढी, तेवढाच राहतो," दुकानदार म्हणाला.

आणि मास्तरांना ते पटलं! पोरांच्या कपड्यांत वाढत्या अंगासाठी चार बोटं माया ठेवणारा हा माणूस माझ्यासाठी मात्र दोन फूट लांब, एक फूट रुंद टाकी घेऊन आला.

मला तरी काय कळत होतं? इकडून तिकडे, तिकडून इकडे, नुसता धुडगूस! शिलाई मशीन खडखडलं की मी दचकून सुसाट सुटायचो. मास्तर दर रविवारी काचेला टेप लावत. "सहा इंच! नऊ! अगं, बघ तरी, याने बारा गाठले!" येईल त्या गिऱ्हाइकाला ते माझी लांबी ऐकवत.

"आता काय त्याला पॅन्ट शिवताय?" मास्तरीणबाई विचारत.

चौदा इंचांवर पंचाईत झाली. मला वळता येईना! नाक एका काचेला, शेपूट दुसरीला. वळायचं तर केसातल्या आकड्यासारखी अंगाची घडी घालावी लागे. मशीन सुरू झालं की नाक आपटे. पाणी पटकन घाण होई, श्वास जड होई. कमरेत बाक आला. मग मी वळणंच सोडलं आणि एका कोपऱ्याकडे तोंड करून पडून राहिलो.

"बाबा, टाचण्या रुसलाय," लेक म्हणाली.

नेमका तेव्हाच मत्स्यालयात मासे सांभाळणारा एक जाडजूड गृहस्थ पॅन्ट सैल करून घ्यायला आला. मला बघून तो कमरेचं माप द्यायचंच विसरला.

"मास्तर, माझं पोट सुटलं की तुम्ही पॅन्ट उसवता. याची काच कोण उसवणार?"

"अहो, पण टाकीएवढाच राहतो म्हणाले..."

"राहत नाही, वाकतो. तुमच्या या लेकीएवढा होणारा मासा आहे हा! आमच्याकडे द्या."

"नाही द्यायचा!" लेक किंचाळली.

मास्तर तिच्याशेजारी खाली बसले. जन्मात माप न चुकलेला तो माणूस म्हणाला, "मागच्या बाजूने हाक मार त्याला. वळला, तर ठेवू."

ती मागे गेली. "टाचण्या! ए टाचण्या, इकडे!"

मी जीव तोडून वाकलो. नाक आपटलं. पुन्हा वाकलो. शेपूट अडकलं. पाणी उडालं तिच्या तोंडावर.

तिने तोंड पुसलं आणि हळूच विचारलं, "काका, तुमची टाकी केवढी आहे?"

मला झाकणाच्या पिंपात घातलं तेव्हा मास्तर हुंदके देत होते. "अहो, मासा पाण्यात आहे, तुम्ही कशाला भिजताय?" मास्तरीणबाई म्हणाल्या आणि स्वतःच पदराने डोळे टिपू लागल्या.

मत्स्यालयात दोन दिवस मी सवयीने दोनच फूट पोहलो. तिसऱ्या दिवशी एका थोरल्या माशाने मागून ढुशी दिली आणि मी वळलो! अख्खा! शेपटासकट! मग पुन्हा वळलो, उगाचच. दुपारपर्यंत इतक्या गिरक्या घेतल्या, की शेजारचं कासव वैतागून तळाशी गेलं.

कमरेतला बाक मात्र राहिला. पोहताना जरा तिरका जातो मी, बघा. म्हणून हात जोडून सांगतो, म्हणजे हात असते तर जोडले असते: दुकानात एखादं बोटभर पिल्लू आवडलं, तर आधी विचारा, याची आई केवढी आहे? उत्तर ऐकून घर अपुरं वाटलं, तर त्याला लांबूनच डोळे भरून पाहा. तेही प्रेमच आहे.

बरं, निघतो आता. या टाकीला पलीकडेही एक भिंत आहे म्हणतात. मी अजून तिथवर पोचलो नाही!