कवळ तोडलेले ऐन

अनुपमाने ऐनाच्या खोडाला छातीच्या उंचीवर टेप गुंडाळली, की हैबतीकाकांच्या तोंडाला हटकून खाज सुटायची.

"काय गो, ऐनाला चोळी शिवतेस काय?"

"माप घेऊ द्या, काका. सैल झाली तर तुम्हालाच घालायला लावीन."

पोलादपूर तालुक्यातल्या त्या डोंगरकुशीतल्या गावात वनशास्त्राचं एम.एस्सी. करणारी ती एकटीच. बी.एस्सी. महाडला झालं. पुढे परगावी राहणं जमण्यासारखं नव्हतं, म्हणून दूरशिक्षण. पुस्तकं पोस्टाने यायची, तास मोबाइलवर व्हायचे, आणि प्रयोगशाळा म्हणजे घरामागचं, शेजारच्या हैबतीकाकांचं वरकस, भात होत नाही ती उताराची जमीन. तिथल्या ऐनांत लाकूड किती, हा तिच्या प्रबंधाचा विषय. घेर टेपने मोजायचा, उंची कोनमापकाने. प्रत्येक आकडा तिने दोनदा घेतला होता.

तरीही तोंडी परीक्षा आठवड्यावर आली असताना बाहेरच्या परीक्षक चारुशीला मॅडमचा शेरा येऊन धडकला. घेराच्या मानाने सगळ्याच झाडांची उंची जेमतेम निम्मी आहे. मोजमाप प्रत्यक्ष झालं का, याबद्दल शंका आहे. समाधान न झाल्यास प्रबंध नामंजूर.

पदवी हुकण्याचं दुःख तिने कसंबसं गिळलं असतं. पण खोटे आकडे लिहिणारी म्हणून नाव लागणं? ते तिला सोसणारं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा वरकसावर गेली. पुन्हा मोजलं. आकडे तेच. ती डोक्याला हात लावून बसते न बसते तोच वरून आवाज आला, "बाजूला हो गो!" आणि पानांनी भरलेली फांदी धप्पकन शेजारी पडली. काका झाडावर चढून कोयत्याने कवळ तोडत होते. ही हिरवी टहाळी वाळवायची, उन्हाळ्यात भाताच्या रोपवाटिकेवर पसरून जाळायची, हा इथला राब. दरवर्षीचा.

अनुपमाने मान वर केली. उघडं खोड आणि माथ्यावर पानांचा झुबका. शाळेत झाडाचं चित्र काढायला सांगितलं की ती असंच काढायची. पुस्तकातला ऐन उंच आणि डेरेदार होता, पण तो तिकडच्या जंगलातला, असं म्हणून तिने पान उलटलं होतं.

"काका, या झाडाचा कवळ कधीपासून तोडताय?"

"माझा बापूस तोडायचा, त्याच्या आदी त्याचा बापूस. ऐन काय नुसता बघत बसायला हाय?"

ती ताडकन उठली. शेंडा दरवर्षी छाटला तर झाड वर जाणार कसं? खोड मात्र जाड होतच राहणार! घेरावरून उंची काढायचं पुस्तकातलं सूत्र न तोडलेल्या झाडांचं होतं, आणि तोडलेलं झाड ही सांगण्यासारखी गोष्ट आहे, हे तिच्या मनातच आलं नव्हतं.

पण अंदाज म्हणजे पुरावा नव्हे. याच मातीतला, कधीही कोयता न लागलेला ऐन हवा होता. तो होता. ग्रामदेवीच्या देवराईत कोयता नेत नाहीत, वाळकी काटकीसुद्धा कुणी उचलत नाही.

देवीपुढे नारळ ठेवून, चपला बाहेर काढून ती आत शिरली. पहिल्याच ऐनाचा शेंडा दिसेपर्यंत तिला मागे सरकत पार काठावर यावं लागलं. कोन घेतला, हिशोब केला. आकडा सूत्राशी जुळला! ती एवढ्या जोरात ओरडली की झाडावरची वानरं पळाली. मग तिने राईतले बाकीचे ऐनही मोजले.

परीक्षेच्या दिवशी ती वरकसावरच बसली, कारण मोबाइलला रेंज तिथेच. चारुशीला मॅडमनी तिचे वरकसाचा आणि देवराईचा असे दोन्ही आलेख शांतपणे पाहिले.

"देवराईतली झाडं तोडत नाहीत, ही गावाची समजूत झाली. पुरावा काय?"

"तोडलेल्या जागी खोडावर गाठ राहते, मॅडम. वरकसावरच्या प्रत्येक ऐनावर गाठी आहेत. देवराईतल्या एकाही ऐनावर सापडली नाही. फोटो जोडलेत."

"मग हे प्रबंधात का नव्हतं?"

"मला वाटायचं, ऐन असाच दिसतो."

मग मॅडम हसल्या. "आणि मला वाटत होतं, तो तसा दिसूच शकत नाही. दाखवा बघू एखादा."

तिने मोबाइल वर फिरवला. कोयता कमरेला अडकवून हैबतीकाका फांदीवर गप्प बसले होते. तासभर आवाज करायचा नाही, अशी त्यांना ताकीद होती. पडद्यावर बाई दिसताच त्यांना राहवलं नाही.

"नमस्कार वो बाई! पोर खोटा बोलत नाय हां!"

"दिसतंय मला," मॅडम म्हणाल्या. "अनुपमा, प्रबंध मंजूर. पण एक काम अजून करायचं. कवळ तोडलेल्या ऐनासाठी वेगळं सूत्र मांडा आणि शोधनिबंध पाठवा. कोकणात पुस्तकातलं सूत्र वापरलं तर लाकूड फुगवून मोजलं जाणार. नाव तुमचंच पहिलं."

काका सरसर खाली उतरले. "काय म्हनली गो?"

अनुपमाने टेप काढली आणि त्यांच्या छातीभोवती गुंडाळली.

"आता ह्या काय?"

"हलू नका, काका. आज छाती किती फुगलीय, त्याची नोंद घेते."