ढेकर कोणाचे?

जर्मनीत ऱ्हाइन नदीकाठच्या आमच्या कारखान्यात औषधं बनतात, रसायनंही बनतात. गेल्या वसंतात पर्यावरण विभागाच्या प्रमुख ऑर्ट्रुडबाईंनी गवत कापायची डिझेलची यंत्रं बंद केली आणि गेरलिंडे नावाच्या मेंढपाळणीच्या बेचाळीस मेंढ्या आवारात चरायला सोडल्या. मी बाईंच्या हाताखाली. वार्षिक अहवालासाठी मेंढ्यांचे फोटो मीच काढले.

मग अहवाल तपासायला बाहेरच्या संस्थेचे फोल्कमार आले. न हसणारा माणूस. फोटो पाहून म्हणाले, "डिझेलचा धूर वाचला, मान्य. पण ढेकर कुठे धरलेत?"

"कसले ढेकर?"

"मेंढ्यांचे. त्यातून मिथेन निघतो. त्यानंही हवा तापते."

बाई सावरल्या. "मेंढ्या गेरलिंडेच्या. ढेकरही तिचेच."

दारात उभी असलेली गेरलिंडे उसळली. "वा बाई! गवत तुमचं, फोटो तुमचे, आणि ढेकर तेवढे माझे?"

फोल्कमारनी निवाडा दिला, "ढेकर ज्या जागेत निघेल, त्या जागेच्या मालकाचा."

बाईंचे डोळे लकाकले. मेंढी आधी भराभर चरते, रवंथ मागाहून निवांत करते; ढेकर तेव्हाच, असा बाईंचा हिशेब. दुसऱ्या दिवसापासून साडेदहाच्या ठोक्याला सगळा कळप फाटकाबाहेर, नदीकाठच्या हिरवळीवर! पहारेकरी एकेक मेंढी मोजून सोडायचा. मी मान खाली घालून मागून चालायचो. गेरलिंडे वाटेत भेटेल त्याला सांगायची, "ढेकर द्यायला निघालोय."

तीन आठवडे हे चाललं. मग नगरपालिकेचं पत्र आलं. हिरवळ त्यांची होती, आणि हवा तापवणार नाही असा शब्द त्यांनीही गावाला दिला होता. 'आपल्या मेंढ्या खातात आपल्याकडे आणि ढेकर देतात आमच्याकडे. कृपया ढेकर परत न्यावेत.'

बाईंनी ते मोठ्यानं वाचलं आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "एवढं रसायनशास्त्र शिकले, ते मेंढ्यांचे ढेकर लपवायला!"

त्याच दुपारी त्यांनी अहवालात लिहिलं, 'मेंढ्या बेचाळीस. ढेकर आमचे.' वाचलेल्या धुराचा आकडा निम्म्यावर आला. फोल्कमारनी सही केली.

संचालकांना मात्र ती ओळ खटकली. "अहो, लोक हसतील!"

"हसू देत की," बाई म्हणाल्या.

ओळ छापली गेली. लोक हसलेच. पण अहवाल शेवटच्या पानापर्यंत वाचल्याची पत्रं आम्हांला यंदा पहिल्यांदाच आली.