चार नंबरच्या खाटेची नाडी

बोटाला चिमटा, चिमट्याला तार; तारेतून नाडीचा आकडा निघे आणि आयसीयूबाहेरच्या पडद्यावर येऊन बसे. मधल्या वाटेवर तो आकडा वाचणारा प्रोग्रॅम शंकर नगरच्या ऑफिसात चेतनाच्या हाती होता. एका दवाखान्याची तक्रार आली होती, कधीकधी आकडे खोटे वाटतात. सोबत रेकॉर्डिंग. तिनं तारीख पाहिली आणि हात थांबला. त्या दिवशी चार नंबरच्या खाटेवर तिचे बाबा होते. त्याच दिवशी ते गेले.

खोट सापडली. खाटेजवळच्या यंत्राचा प्रत्येक निरोप आधी आपली लांबी सांगतो. चिमटा सुटला की यंत्र लांबीच्या जागी मावेल तेवढा मोठा आकडा धाडी. प्रोग्रॅम त्यात आणखी चार मिळवी, आणि काठोकाठ भरलेलं माप उलटून रिकामं व्हावं तसा हिशेब शून्याशी येई. एवढुसा तर आहे, म्हणून तपासणी त्याला सोडी. मग वाचणं त्या मूळच्या मोठ्या लांबीनं आपली हद्द ओलांडून शेजारी शिरे, पाच नंबरच्या खाटेच्या निरोपात.

तिनं ती मिळवणी काढली. हाती किती उरलं ते आधी पाहायचं. सांगितलेली लांबी त्याहून मोठी असली तर निरोप टाकायचा आणि घंटा वाजवायची. मग तेच रेकॉर्डिंग पुन्हा चालवलं. बाबांच्या खाटेपुढं बहात्तर होते, तिथं आकड्याऐवजी नुसत्या रेघा आल्या, म्हणजे चिमटा सुटलेला. घंटा वाजली, वाजतच राहिली. त्या दिवशी ती वाजली नव्हती, म्हणून नर्सही धावली नव्हती.

ऑफिसातला भार्गव भैया म्हणाला, दीदी, ‘किरकोळ दुरुस्ती’ एवढंच लिहू, गेलेला काही परत येत नाही. चेतनानं खरं ते लिहिलं आणि सगळ्या दवाखान्यांना धाडलं.

घरी कांताबाई, तिची आई, येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच सांगे: पडद्यावरून नजर हलवली नाही, बहात्तरच होते शेवटपर्यंत, बिनवाऱ्याच्या दिव्यासारखे, सुखानं गेले. त्या एका गोष्टीच्या आधारानं बाई उभी होती. पण दवाखान्याकडून कानी पडण्यापेक्षा आपल्या तोंडून बरं, म्हणून चेतनानं सांगून टाकलं.

कांताबाई बोटांवरचं पीठ खरवडत राहिली.

“मंग मी कोनाची नाडी पाहून राहिली होती, पोरी?”

“पाच नंबरच्या खाटेवरच्याची.”

“मी तं दारातच बसून होती. घंटा वाजली असती तं आत जाऊन हात धरला असता त्यायचा.”

संध्याकाळी शेजारच्या रमाताई आल्या. बसल्या, सवयीनं विचारलं, शेवटी कसे होते भाऊ?

कांताबाईनं लेकीकडं पाहिलं.

“मले माहीत नाही,” ती म्हणाली.