चाचणीची खोली

घरात तिला सगळे बारकी म्हणत. कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला पोचली तरी ते नाव काही सुटलं नाही. त्या वर्षी प्रत्येकाला कारखान्यात इंटर्नशिप करावी लागे. बाकीची मुलं जोडे झिजवत होती आणि हिला मात्र बसल्या जागी मिळाली. पाण्याचे फिल्टर बनवणारा कारखाना. मामा तिथे पॅकिंगचा मुकादम. त्याने मॅनेजरच्या कानावर घातलं आणि मॅनेजर लगेच हो म्हणाला.

पहिल्याच दिवशी तिला पांढरा कोट मिळाला, चाचणीच्या खोलीत खुर्ची मिळाली, चहासुद्धा टेबलावर आला. काम मात्र कुणी देईना. किती दाबाने फिल्टर फुटतो ते तपासणारं मोठं यंत्र समोर होतं, पण बंद. आज वीज कमी पडतेय, उद्या सुटा भाग येणार आहे, परवा दुरुस्तीवाला येणार आहे. मॅनेजर म्हणे, सध्या नुसतं बघून घे. तिकडे बाहेर फिल्टरची खोकी भराभर ट्रकमध्ये चढत होती.

बारकीच्या मनात पाल चुकचुकली. ती आत आली की ऑफिसातलं बोलणं थांबे. पाहुणे येणार असले की मॅनेजर तिला कोटाची बटणं लावायला सांगे आणि काचेपलीकडून दाखवे, या आमच्या चाचणी विभागाच्या. एकदा जेवणाच्या सुट्टीत तिने यंत्रामागे वाकून पाहिलं. पाण्याची नळी जोडलेलीच नव्हती. ती जिथे जोडायची त्या तोंडावर कोळ्याने ऐसपैस संसार थाटला होता.

तिने मामाला विचारलं. फार डोकं चालवू नकोस, सर्टिफिकेट घे आणि मोकळी हो, असं म्हणून त्याने नजर चुकवली. त्या दिवसापासून तिला मामाचाही भरवसा वाटेना.

मग एका इस्पितळाचे खरेदी अधिकारी आले. ते काचेबाहेर थांबले नाहीत, सरळ आत आले. रोज किती फिल्टर तपासता, असं त्यांनी बारकीला विचारलं. मॅनेजरच उत्तर द्यायला लागला.

“त्यांना बोलू द्या,” अधिकारी म्हणाले.

दारात मामा उभा होता. बारकीने एकदा त्याच्याकडे पाहिलं.

“मी इथे शिकायला आलेय. मी आल्यापासून हे यंत्र एकदाही चालू झालेलं नाही.”

अधिकारी यंत्रामागे वाकले, सरळ झाले आणि तडक निघून गेले. मॅनेजरने तिथल्या तिथे कोट काढून घेतला. सर्टिफिकेटचं तर नावच नको.

मामा तिला फाटकापर्यंत सोडायला आला.

“तुला ठाऊक होतं?” तिने विचारलं.

“खोक्यांवर ‘तपासलेले’ असा शिक्का माझीच माणसं मारतात,” मामा म्हणाला. “तुला नुसतं बसवून ठेवतील, असं मात्र वाटलं नव्हतं. वाटलं, निदान तू तरी शिकशील.”

खरं बोलतोय की सारवासारव करतोय, तिला कळेना.

इस्पितळाची ऑर्डर गेली आणि मामाची मुकादमीही. तो आता ट्रक भरतो. बारकीला कॉलेजच्या सरांनी पंप दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये पाठवलं. तिथे गेल्या गेल्या हातात पाना आला. आई रोज विचारते, मामाला फोन केलास का. बारकी ‘करते’ म्हणते, आणि हात धुवायला जाते.